पुस्तकी आमटीची थोरवी

मालवणच्या किनाऱ्यावर वेडेपणाचे पुष्कळ प्रकार मान्य आहेत. दशावतार बघत रात्र जागवून सकाळी थेट कामावर जाणे, चतुर्थीला घर गाठण्यासाठी मुंबईहून रात्रभर उभ्याने प्रवास करणे, यांतल्या कशालाही कोणी हसत नाही. हसतात ते पाककृतींचे पुस्तक ओट्यावर उघडून, ओळीवर बोट ठेवून, वाटीने मोजून बांगड्याची आमटी करणाऱ्या माणसाला. शेजारीण दारातून डोकावते, "पुस्तकात बघून निस्त्याक करतंस?" एवढेच विचारते, आणि दुपारपर्यंत ती बातमी वाडीभर झालेली असते. ज्या गावात रापणीतला मासा तासाभरात टोपात पडतो, तिथे आमटीसाठी छापील कागद लागणे हा वेडेपणाच, यावर साऱ्या शहाण्यांचे एकमत आहे.

या वेड्याची स्तुती करण्यासाठी हा लेख आहे. ती मी मनापासून करतो आहे, कारण माझ्या मते आमच्या किनाऱ्याचे रांधप पुढच्या पिढीच्या हाती पोहोचवण्याचे काम आज तोच करतो आहे.

आधी शहाण्यांचे म्हणणे नीट ऐकून घेऊ. ते पोकळ नाही. मालवणी स्वयंपाकातली एकही वस्तू दोनदा सारखी मिळत नाही. कोवळ्या नारळाचे वाटप आणि जून नारळाचे वाटप यांत चवीचा आणि दाटपणाचाही फरक पडतो. यंदाच्या मे महिन्यात वाळवलेली सोलां आणि गेल्या वर्षीची सोलां सारखी आंबट नसतात. बेडगी मिरची रंग देते, लवंगी जाळ देते, आणि एकाच जातीच्या मिरचीची दोन पोतीसुद्धा एकमेकांसारखी निघत नाहीत. १९३०च्या सत्याग्रहाने ज्याचे नाव महाराष्ट्रभर झाले त्या शिरोड्याच्या मिठागरातले खडेमीठ आणि पाकिटातले बारीक मीठ, दोन्ही चमचाभरच घेतले तरी वजनात वेगळे भरतात, कारण खड्यांच्या मधे पोकळी राहते. मग पुस्तकातल्या 'एक चमचा मीठ, चार सोलां, एक वाटी खोबरे' या ओळीला अर्थ काय? नारळ समोर असतो, सोल समोर असते, मासा समोर असतो आणि हात आपला असतो. "हात सांगता किती ता," असे आमच्या बायका म्हणतात, आणि त्यांचा हात खरोखरच सांगतो.

याहून मोठा पुरावा हवा असेल तर मसुऱ्याच्या आंगणेवाडीला जावे. भराडी देवीच्या जत्रेला आंगणे घराण्यातल्या बायका देवीचा प्रसाद न बोलता रांधतात. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही, आणि तरी सगळे जिथल्या तिथे होते. वर्षानुवर्षे एकमेकींच्या शेजारी उभ्या राहिलेल्या हातांना शब्द लागत नाहीत. पाहून शिकण्याची ही रीत जगातल्या कुठल्याही पाठशाळेइतकी पक्की आहे, आणि पुस्तकाच्या वेड्याने तिच्यापुढे हात जोडावेत. तिच्यासाठी अट मात्र एकच आहे: त्या चुलीशेजारी तुम्ही वर्षानुवर्षे उभे असायला हवे.

आमचा किनारा ज्यांच्या जिवावर जगला त्यातले अर्धे लोक त्या चुलीशेजारी उभे नव्हते. ते मुंबईत होते. गिरणगावात एकेका खोलीत पाळ्या लावून झोपणाऱ्या, कोकणातून आणि घाटावरून आलेल्या पुरुषांच्या पोटाची सोय खाणावळींनी केली. त्या खाणावळी बहुतेक बायकाच चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते अशाच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. रोज ठरावीक डबे, महिन्याचा ठरलेला पैसा, आणि त्यातून वाचेल ते आपले. असा हिशेब डोक्यावर असलेल्या बाईला डाळ, तेल आणि खोबरे मापानेच घ्यावे लागते. आमच्या रांधपात माप शिरले ते कुणाच्या हौसेने शिरले नाही, घर चालवण्यासाठी शिरले. वेड्याच्या ओट्यावरची वाटी ही त्या खाणावळीच्या वाटीची वारस आहे.

घरापासून लांब गेलेल्या माणसानेच पाककृती लिहून ठेवाव्यात, असा आपल्याकडचा जुना रिवाज दिसतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास'मध्ये अन्नावर प्रकरण लिहिले आणि त्यात माशांनाही जागा दिली, पण तो राजाच्या ऐश्वर्याचा ग्रंथ होता. तंजावरला सरफोजीराजे दुसरे यांच्या दरबारातून 'शरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत उतरले, तेव्हा तमिळ मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्याने आपला मुदपाकखाना कागदावर आणला. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' छापून निघाले आणि पाककृती छापखान्यात गेली. १९४३ साली मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने 'रसचंद्रिका' काढली. कारवार-कुमठ्याकडची चूल सोडून मुंबईत आलेल्या घरांतल्या लेकीसुनांना नारळाचे वाटप, तिरफळ आणि सोलां कशी वापरायची ते त्या पुस्तकाने सांगितले. आमच्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांचे रांधप आमच्यापेक्षा आधी नीट लिहिले गेले, आणि म्हणून ते अधिक शाबूत राहिले, ही गोष्ट मालवणी माणसाने मनावर घ्यावी अशी आहे.

मग १९७० साली सांगलीच्या कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. शाळेत फारशा न शिकलेल्या या बाईंनी शेर आणि छटाक बाजूला ठेवून वाटी आणि चमचा ही मापे धरली. वाटी आणि चमचा प्रत्येक घरात असतो, तराजू नसतो. हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांना रांधणाऱ्या माणसाची परिस्थिती ठाऊक होती. अमेरिकेत बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६च्या आपल्या पुस्तकात काठोकाठ भरून सपाट केलेला कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला होता, त्याच जातीचे हे काम. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटात एकट्या पडलेल्या नव्या संसारांना 'रुचिरा'ने हाताला धरून स्वयंपाक शिकवला. ते पुस्तक घेऊन परदेशी गेलेली मुले-मुलीही कमी नाहीत. कुणी त्यांना वेडे म्हटल्याचे ऐकिवात नाही. मग मालवणात वाटी घेऊन उभ्या राहिलेल्याचेच काय चुकले?

आता त्याचे गुण एकेक पाहू.

पहिला गुण असा की तो चूल पेटवण्याआधी पाककृती शेवटपर्यंत वाचतो. त्यामुळे कृतीतली कारणे त्याला कळतात. तिरफळाची काळी बी काढून टाकायची आणि नुसती साल घ्यायची. ती वाटायची नाही, ठेचून आमटीत सोडायची, कारण वाटली तर कडवटपणा उतरतो. बांगडा घातल्यावर पळी फिरवायची नाही, टोप दोन्हीकडून धरून हलवायचा, नाहीतर मासा मोडतो. आंबट मिसळलेले नारळाचे दूध खळखळ उकळले की फाटते, म्हणून सोलकढीला आच दाखवायची नाही. आगळात मीठ आधीच घातलेले असते, तेव्हा आगळाची सोलकढी करताना मीठ शेवटी आणि चाखून. जन्मभर रांधलेल्या बाईला हे सगळे ठाऊक असते, पण तिला ते सांगता येत नाही, कारण ते तिच्या हातात गेलेले असते. सुनेला तिचा हात दिसतो, हाताने तसे का केले ते दिसत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला ते कारण शब्दांत आणावे लागते, आणि वाचणाऱ्याला ते आयते मिळते.

कारण न कळण्याची किंमत कधीकधी घशाला मोजावी लागते. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मग सुके बांगडे, सोडे आणि रानातल्या भाज्या यांवर घर चालते. अळू, सुरण, टाकळा, फोडशी, सगळे पावसात उगवते. अळवात कॅल्शियम ऑक्सलेटच्या बारीक सुया असतात, त्या घशाला टोचतात. म्हणून अळवाला चिंच किंवा सोलां लागतात आणि ते पुरते शिजवावे लागते. आजी होती तोवर कुठल्या पाणथळीतले अळू घ्यायचे आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे तिला विचारता यायचे. आजी गेली आणि लिहिलेले काही नसेल, तर त्या घरातून अळूच जाते. पहिल्यांदा घसा खाजला की मुले दुसऱ्यांदा ते तोंडात घालत नाहीत. पदार्थ असे नाहीसे होतात: कोणी त्यांना नको म्हणत नाही, फक्त बिनचूक करणारे कोणी उरत नाही.

दुसरा गुण मला सगळ्यांत मोठा वाटतो. वेडा स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवतो. जे ज्ञान एकाच हातात असते, त्या हाताला कधी सुट्टी मिळत नाही. घरातल्या बाईला ताप आला, ती माहेरी गेली, तिचे हात थरथरू लागले, की त्या घराची आमटी बंद पडते. नवरा म्हणतो, माका येणा नाय. मुलगा म्हणतो, आईसारखी होणार नाही. दोघेही खरे बोलत असतात, कारण त्यांना शिकवण्याजोगे काही कुठे लिहिलेलेच नसते. कोल्हापूरकडून किंवा विदर्भातून लग्न होऊन मालवणात आलेल्या मुलीची तर फारच कोंडी होते. तिने विचारले, "मीठ किती घालू?" तर उत्तर येते, "घाल वायच अंदाजान." तिच्या हाताला इथला अंदाज यायचा कुठून? तिने पुन्हा विचारले, तर "आमी खय मोजूक बसलंव?" पुस्तक असे कधी म्हणत नाही. ते दहाव्यांदा उघडले तरी पहिल्यांदा दिले तेच उत्तर देते, आणि त्या उत्तरात तिचे माहेर काढलेले नसते. नवऱ्याने ओट्यावर पुस्तक उघडून सोलकढी केली तर वाडी त्याला हसेल. पण त्या रात्री त्याची बायको जेवून झोपेल, उठून रांधणार नाही. एवढ्यासाठी वाडीचे हसू सोसावे, असे मी म्हणेन.

तिसरा गुण म्हणजे त्याला आपली चूक सापडते. तो पहिल्या वेळी पुस्तकातले सारे तंतोतंत करतो. आमटी पातळ झाली, तर त्याच्याकडे धरून विचार करायला ठाम काहीतरी असते: खोबरे एक वाटी घेतले, पाणी दोन वाट्या घेतले, मग फरक नारळात असणार, तो कोवळा होता. पुढच्या वेळी तो समासात पेन्सिलीने लिहितो, 'कोवळा नारळ असल्यास पाणी दीड वाटी.' आमटी फार आंबट झाली की लिहितो, 'यंदाची सोलां असतील तर तीन पुरेत.' शहाण्यांनी नारळ, सोल आणि मिठाच्या फरकांचा जो मुद्दा मांडला होता, त्याचे उत्तर इथे आहे. वस्तू बदलत्या असतात म्हणून तर एक माप स्थिर हवे. मापही बदलते आणि वस्तूही बदलते, तेव्हा चांगली झालेली आमटी पुन्हा करता येत नाही आणि बिघडलेली का बिघडली ते कळत नाही. अशा समासभर टिपणांचे पुस्तक पाच-सहा वर्षांत त्या घराचेच होऊन बसते, आणि त्या घरच्या माणसाचा हातही तोवर सांगू लागलेला असतो.

मोजणे आमच्या रक्तात नाही, असे जे म्हणतात त्यांना वैशाखातली एक गोष्ट आठवून द्यावी लागेल. पाऊस लागण्याआधी घरोघर वर्षाचा मसाला होतो. मिरच्या उन्हात कडक होतात. धणे, बडीशेप, खसखस, लवंग, मिरी, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, हळकुंड एकेक करून वेगळे भाजले जातात, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी आहे. मग सगळे डंकावर कुटायला जाते. त्या वेळी घरातल्या सर्वांत जाणत्या बाईच्या पदराला एक चिठ्ठी असते: किलोभर मिरचीला धणे इतके, लवंग इतकी, हिंग इतका. ती चिठ्ठी देवघरात किंवा डब्याच्या तळाशी जपलेली असते. वड्यांच्या पिठाचेही तेच. तांदळाच्या पाव हिश्शाइतकी उडीदडाळ, त्यात थोडे धणे, थोडी मेथी, आणि प्रत्येक घराचे आपापले चिमूटभर काही. प्रमाण हुकले तर वडा फुगत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिथे कोणी अंदाजाने घालत नाही. मालवणी चवीचे दोन मोठे आधार, मसाला आणि वडे, मापावरच उभे आहेत. पुस्तकाच्या वेड्याने त्याच मापाला रोजच्या आमटीपर्यंत आणले, एवढाच त्याचा गुन्हा.

पुस्तकांचे दोषही सांगितले पाहिजेत. बहुतेक मराठी पाकपुस्तके पुण्या-मुंबईच्या ओट्यावर लिहिली गेली. आमच्याकडचे सुंगट तिथे कोळंबी होते, इसवण सुरमई होतो, आणि पेडव्यांचा तर अनेकदा उल्लेखच नसतो. 'मासे अर्धा किलो' असे लिहिणाऱ्याला बांगडा आणि सरंगा यांच्या शिजण्यातला फरक सांगावासा वाटत नाही. 'मीठ चवीनुसार' ही ओळ ज्याला मिठाचा अंदाज नाही त्यालाच सगळ्यांत जास्त वाचावी लागते. धोंडास, खापरोळी, शिरवाळे, काळ्या वाटाण्याचे सांबारे, यांच्या कृती सापडतात त्या त्रोटक, आणि काकडी किती निबर हवी, खापर किती तापलेले हवे, शिरवाळ्यांचा शेवगा (साचा) दाबताना उकड किती गरम हवी हे त्यात नसते. या उणिवांमुळे पुस्तक टाकून द्यावे असे नाही. आपले रांधप आपण लिहिलेले नाही, म्हणून दुसऱ्यांनी लिहिलेले वाचावे लागते आहे. ती उणीव आपली आहे, आणि ती भरून काढणे आपल्या हातात आहे.

म्हणून या वेडेपणात आणखी लोकांनी सामील व्हावे, अशी माझी विनंती आहे. त्याची रीत सोपी आहे. घरात जी बाई सर्वांत चांगले रांधते तिच्या शेजारी वाटी आणि वही घेऊन बसावे. ती मूठभर खोबरे उचलेल तेव्हा ते टोपात पडण्याआधी वाटीत घ्यावे, मोजावे, मग टोपात टाकावे. ती मीठ घेईल ते चमच्यात उतरवावे आणि खडेमीठ की बारीक तेही लिहावे. आपल्या वाटीत किती मिलिलिटर पाणी मावते ते एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, कारण घराघरांतल्या वाट्या सारख्या नसतात. माशाचे नाव गावात म्हणतात तेच लिहावे, शेजारी बाजारात चालणारे नावही द्यावे, आणि महिना लिहावा, कारण पावसाआधीचा बांगडा आणि पावसानंतरचा बांगडा सारखा नसतो. ती अमुक का करते ते विचारावे. तिला सांगता आले नाही तर दोन्ही प्रकारे करून बघावे आणि जे कळेल ते लिहावे. आणि तिचे बोलणे ती बोलते तसेच, मालवणीतच उतरवावे. तिच्या सूचना छापील मराठीत बसवल्या की त्यातली निम्मी माहिती गळते.

ती आधी हसेल. मग दोन-चार दिवसांनी स्वतःच म्हणेल, "थांब, ह्या लिवलंस काय?" आपल्या हाताला माहीत असलेले काहीतरी मोलाचे आहे आणि ते कोणी टिपून घेते आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवेल. एवढी वर्षे तिच्या आमटीचे कौतुक झाले, पण तिच्या ज्ञानाची नोंद कोणी घेतली नव्हती.

१९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला तेव्हा रस्ते, शाळा, कचेऱ्या यांची मोजदाद झाली. इथल्या चुलींवरचे ज्ञान मात्र अजून कुठल्याही दप्तरात नाही. ते साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या हातांत आहे, आणि त्यांच्यानंतर ते कुठे जाईल याची व्यवस्था आपण केलेली नाही. ज्या घरात असा हात अजून आहे, तिथे वही याच आठवड्यात उघडली जावी. वाडी हसली तर हसू द्यावे. हसणाऱ्यांच्या सुनांना आणि मुलांना ती वही उद्या वाचायला लागणार आहे, तेव्हा अक्षर मात्र स्वच्छ काढावे.